पाश्चात्त्य अभिजात संगीताचा इतिहास : स्वरलिपीच्या अंगाने एक परिचय

सारांश

प्रस्तुत लेखात पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या सुमारे अकराशे वर्षांच्या वाटचालीचा स्वरलिपीच्या अंगाने परिचय करून दिला आहे. या संगीतातील बहुपदरी रचना, रचनाकाराला प्राप्त झालेले स्थान, कलावंताच्या उपजेचा झालेला संकोच आणि जुन्या कृतींचे जतन या चारही गोष्टींचा लेखनाच्या विकासाशी निकटचा संबंध आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे. अखेरीस गोवा व महाराष्ट्र यांच्याशी या इतिहासाचे जे प्रत्यक्ष धागे जुळतात त्यांचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : स्वरलिपी, स्वरपंक्ती, पॉलिफोनी, हार्मनी, उपज, रचनाकार.

१. प्रास्ताविक

भारतीय संगीत मेलडीप्रधान आहे आणि पाश्चात्त्य संगीत हार्मनीप्रधान आहे, हे विधान आपल्याकडे इतके रूढ झाले आहे की त्याची कारणमीमांसा करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. एकामागून एक येणाऱ्या स्वरांतून आकार घेणारी सुरावट म्हणजे मेलडी आणि एकाच वेळी उमटणाऱ्या निरनिराळ्या स्वरांचा परस्परसंबंध म्हणजे हार्मनी. हा भेद खराच आहे. परंतु तो पुष्कळदा पूर्व आणि पश्चिम यांच्या स्वभावभेदाचा पुरावा म्हणून मांडला जातो. एक अंतर्मुख तर दुसरा समूहप्रिय, अशी त्याची उपपत्ती दिली जाते. या मांडणीत एक वस्तुस्थिती दृष्टीआड होते. इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकात युरोपातील चर्चचे संगीतही प्राधान्याने एकाच सुरावटीचे आणि गुरुमुखातून शिकले जाणारे होते. त्याला मोड नावाच्या स्वरव्यवस्थांचा आधार होता आणि ते सर्वस्वी स्मरणशक्तीवर विसंबलेले होते. त्या काळातील एखादा मठवासी गायक आणि एखादा भारतीय सामगायक यांच्या शिक्षणपद्धतीत फार मोठे अंतर नव्हते.

मग पुढील शतकांत असे काय घडले की हे संगीत इतक्या वेगळ्या दिशेने गेले? या प्रश्नाचे उत्तर एका कारणात सामावणारे नाही. धर्मसंस्था, राजदरबार, नगरांची वाढ, वाद्यनिर्मितीचे तंत्र असे अनेक घटक त्यामागे आहेत. तथापि या सर्वांतून सलगपणे जाणारा एक धागा म्हणजे स्वरलिपी होय. त्या धाग्याने हा इतिहास समजून घेणे हे या लेखाचे उद्दिष्ट आहे.

या इतिहासाचे कालखंड सामान्यतः पुढीलप्रमाणे मानले जातात : मध्ययुग (सुमारे १४०० पर्यंत), प्रबोधनकाळ (१४०० ते १६००), बरोक (१६०० ते १७५०), अभिजात (१७५० ते १८२०), स्वच्छंदतावादी (एकोणिसावे शतक) आणि आधुनिक (१९०० नंतर). ‘अभिजात’ ही संज्ञा व्यापक अर्थाने संपूर्ण परंपरेसाठी आणि मर्यादित अर्थाने एका कालखंडासाठी वापरली जाते, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

२. स्मरणाधिष्ठित संगीत

सातव्या शतकातील स्पेनमधील विद्वान धर्माधिकारी सेव्हिलचा इसिदोर याने आपल्या ज्ञानकोशात्मक ग्रंथात असे नमूद केले आहे की, स्वर लिहून ठेवता येत नसल्यामुळे माणसाने ते स्मरणात धरले नाहीत तर ते नाहीसे होतात. प्राचीन ग्रीकांना स्वर अक्षरांनी दर्शविण्याची पद्धत ज्ञात होती. ती तोवर विस्मरणात गेली होती, हे या नोंदीवरून दिसून येते.

स्वरलेखनाची निकड निर्माण झाली ती धार्मिक व राजकीय कारणाने. आठव्या शतकात फ्रँक राजा पेपिन आणि त्याचा पुत्र शार्लमेन यांनी आपल्या विस्तीर्ण राज्यात रोमच्या पद्धतीची एकसारखी उपासना रूढ करण्याचा प्रयत्न केला. उपासना एक करायची तर तिचे गायनही एक करणे भाग होते. या गायनाला पुढे पोप पहिला ग्रेगरी याच्या नावावरून ग्रेगोरियन गायन असे नाव पडले, मात्र त्याने स्वतः या चाली रचल्याचा आधार नाही. शेकडो मैलांवरील मठांमध्ये शेकडो चाली अचूक पोहोचवण्याचे काम केवळ स्मरणावर सोपवणे कठीण झाले आणि नवव्या शतकात शब्दांच्या वर न्यूम नावाची लहान चिन्हे लिहिली जाऊ लागली.

न्यूम हे चिन्ह स्वर वर जातो की खाली, एका अक्षरावर किती स्वर येतात, कोठे थांबायचे, एवढेच सांगत असे. नेमका कोणता स्वर, हे त्यातून कळत नसे. चाल आधीच येत असलेल्या गायकाला ती आठवण करून देणारी खूण होती. म्हणूनच त्या आरंभीच्या हस्तलिखितांतील चाली केवळ त्यांच्याच आधारे आज गाता येत नाहीत. त्याच चाली उत्तरकालीन हस्तलिखितांत आढळल्या तरच त्यांचा उलगडा होतो.

३. ग्विदोच्या रेषा

अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात इटलीतील आरेत्सो येथील ग्विदो या मठवासी शिक्षकाने या अडचणीवर उपाय शोधला. त्याने आडव्या रेषा आखून त्या रेषांवर आणि त्यांमधील जागांत स्वरांची निश्चित स्थाने ठरवली. दोन रेषांना त्याने रंग दिले. आजच्या भाषेत ज्यांना ‘फा’ आणि ‘दो’ म्हणतात त्या स्वरांसाठी अनुक्रमे तांबडा आणि पिवळा. संत जॉनच्या एका स्तोत्राच्या चरणांचे आरंभीचे स्वर क्रमाने चढत जातात, हे हेरून त्या चरणांच्या आद्याक्षरांवरून त्याने उत, रे, मी, फा, सोल, ला ही स्वरनामे शिकवण्यास घेतली. ‘उत’चा ‘दो’ आणि सातवा ‘सी’ हे नंतरचे बदल होत. स्वरांना अक्षरनामे देऊन शिकवण्याची कल्पना भारतात त्यापूर्वीच प्रचलित होती. ग्विदोचे वैशिष्ट्य हे की, त्याने नाम आणि कागदावरील स्थान यांची सांगड घातली.

त्याचा हेतू अध्यापनाचा होता. मठातील मुलांची अनेक वर्षे चाली पाठ करण्यात खर्ची पडतात आणि तरीही शिक्षकावाचून त्यांना एक नवी ओळ गाता येत नाही, ही त्याची तक्रार होती. आपल्या पद्धतीने हे काम एक किंवा फार तर दोन वर्षांत होते, असा त्याचा दावा होता. पोप एकोणिसावा जॉन याने त्याला रोमला पाचारण करून पद्धतीची परीक्षा घेतली होती. या घटनेचे महत्त्व दूरगामी आहे. कधीही न ऐकलेली चाल कागदावरून गाणे शक्य झाले, म्हणजे चाल पोहोचवण्यासाठी गुरूची प्रत्यक्ष उपस्थिती अनिवार्य राहिली नाही. पुढील इतिहासाचा पाया येथे घातला गेला.

४. काळाचे मापन आणि बहुपदरी रचना

मूळ चालीबरोबर दुसरी सुरावट गाण्याची प्रथा चर्चमध्ये नवव्या शतकापासून आढळते. तिला ऑर्गेनम म्हणत. एकाच वेळी अनेक स्वतंत्र स्वरपंक्ती चालवण्याच्या या पद्धतीला व्यापक अर्थाने पॉलिफोनी असे नाव आहे. येथे एक खुलासा आवश्यक आहे. पॉलिफोनी लेखनाविना असू शकत नाही, असे नव्हे. कॉकेशस भागातील जॉर्जियात तसेच मध्य आफ्रिकेतील काही समाजांत ती मौखिक परंपरेने समृद्धपणे नांदते. लेखनाने युरोपात पॉलिफोनी निर्माण केली नाही. लेखनाने तिची आगाऊ आखणी करणे आणि ती शतकानुशतके वाढवत नेणे शक्य केले.

याचे पहिले मोठे उदाहरण पॅरिस येथील नोत्रदाम चर्चच्या परिसरात दिसते. ११६३ मध्ये या वास्तूचे बांधकाम सुरू झाले आणि त्याच सुमारास लेओनँ आणि त्याच्यामागून पेरोतँ या रचनाकारांची नावे पुढे आली. पेरोतँने १२०० च्या सुमारास चार स्वरपंक्तींच्या रचना केल्या. चार गायक चार निरनिराळ्या सुरावटी गात असतील तर प्रत्येक स्वर किती काळ टिकवायचा हे ठरलेले असणे अपरिहार्य ठरते. ग्विदोच्या रेषांनी स्वराची उंची सांगितली होती, त्याची लांबी सांगितली नव्हती. नोत्रदामच्या रचनाकारांनी चिन्हांच्या विशिष्ट गटांतून लय दर्शविली. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलोनच्या फ्रँको याने चिन्हाच्या आकारावरूनच त्याचा काळ निश्चित करण्याची व्यवस्था मांडली. १३२० च्या सुमारास फिलिप द व्हित्री याच्या नावाशी निगडित असलेल्या ‘आर्स नोव्हा’ या नव्या पद्धतीने तीन भागांइतकेच दोन भागांच्या विभागणीलाही स्थान दिले. या सूक्ष्म लयकारीने प्रार्थनेचे शब्दच हरवतात, अशी नाराजी पोप बाविसावा जॉन याने १३२४-२५ मधील आज्ञापत्रात व्यक्त केली. गियोम द मॅशो (मृत्यू १३७७) याने मात्र याच तंत्राने मास या उपासनेच्या सर्व नित्य भागांची चार स्वरपंक्तींत रचना केली. एकाच ज्ञात रचनाकाराने केलेली अशी ती पहिली संपूर्ण रचना मानली जाते. आपल्या कृतींची हस्तलिखिते एकत्र सिद्ध करून घेण्याकडे त्याने जातीने लक्ष पुरवले. संगीतरचना ही नावानिशी जतन करण्याची वस्तू आहे, ही जाणीव त्यातून व्यक्त होते.

पेरोतँनंतर अवघ्या काही दशकांत, महाराष्ट्रातील देवगिरी येथे यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ सिद्ध केला. त्यात स्वराक्षरांनी लिहिलेल्या सुरावटी आहेत आणि १२० देशी तालांची नोंद आहे. म्हणजे स्वर आणि काल यांचे लेखन भारतालाही अपरिचित नव्हते. फरक पडला तो लेखनाच्या उपयोगात. भारतात ग्रंथ हा शास्त्राचा आधार राहिला आणि प्रत्यक्ष गायन गुरुमुखातून चालत राहिले. युरोपात गायकासमोर ठेवलेला कागद हाच गायनाचा आधार झाला. दोन परंपरांची फारकत स्पष्ट करताना स्वभावभेदापेक्षा हा उपयोगभेद अधिक उपकारक ठरतो.

५. मुद्रण आणि प्रबोधनकाळ

१५०१ मध्ये व्हेनिस येथे ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची याने सुट्या खिळ्यांनी छापलेला बहुपदरी रचनांचा पहिला संग्रह प्रसिद्ध केला. रेषा, स्वरचिन्हे आणि शब्द यांसाठी एकच कागद पुन्हा पुन्हा छापखान्यातून काढावा लागे. छपाई देखणी असली तरी ती वेळखाऊ व महाग होती. पुढे १५२८ च्या सुमारास पॅरिसमधील प्येर आतेन्यां याने रेषेच्या तुकड्यासह स्वरचिन्ह असलेले खिळे वापरून एकाच छापात काम साधले आणि संगीताच्या प्रती तुलनेने स्वस्त झाल्या. जोस्कँ दे प्रे या रचनाकाराची कीर्ती युरोपभर पसरण्यात मुद्रणाचा मोठा वाटा होता. दरबार व चर्च यांच्या बाहेर, व्यापारी कुटुंबांतही छापील प्रतींवरून हौसेने गायन-वादन होऊ लागले.

ट्रेंट येथील धर्मपरिषदेत (१५४५ ते १५६३) प्रार्थनेच्या शब्दांची सुबोधता हा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला. पालेस्त्रीना (सुमारे १५२५ ते १५९४) याच्या रचनेमुळे पॉलिफोनीवरील बंदी टळली ही कथा उत्तरकालीन आहे. परंतु अनेक स्वरपंक्ती असूनही शब्द स्पष्ट आणि स्वरमेळ निर्मळ ठेवण्याचा त्याचा आदर्श पुढील अनेक पिढ्यांच्या शिक्षणाचा पाया झाला, हे निश्चित.

६. बरोक : अपुरे ठेवलेले लेखन

सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्लॉरेन्समधील विद्वानांच्या मंडळात प्राचीन ग्रीक नाट्याच्या पुनरुज्जीवनाची चर्चा सुरू झाली आणि तिच्यातून ऑपेरा हा प्रकार जन्माला आला. याकोपो पेरी याचा ‘एउरिदिचे’ १६०० मध्ये आणि क्लाउदियो माँतेव्हेर्दी याचा ‘ऑर्फेओ’ १६०७ मध्ये सादर झाला. १६३७ मध्ये व्हेनिसमध्ये तिकीट काढून प्रवेश देणारे पहिले ऑपेरागृह सुरू झाले. संगीताला दरबाराखेरीज पैसे मोजणारा श्रोता मिळण्याच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची आहे.

या काळात एकट्या गायकाच्या भावपूर्ण सुरावटीला तळाच्या स्वरांचा आधार देण्याची पद्धत रूढ झाली. रचनाकार खालची स्वरपंक्ती लिहीत असे आणि तिच्यासोबत आकडे देत असे. त्या आकड्यांवरून कोणते स्वर एकत्र वाजवायचे ते वादकाला समजे, परंतु ते कसे वाजवायचे हे तो आयत्या वेळी ठरवी. गायकही सुरावट पुन्हा गाताना तिला स्वतःचे अलंकार घाली. म्हणजे लेखन पूर्णपणे विकसित झालेले असूनही जाणीवपूर्वक अपुरे ठेवले जात होते. पाश्चात्त्य अभिजात संगीतात उपजेला स्थानच नाही, हा समज बरोक काळाला लागू पडत नाही.

योहान सेबास्टियन बाख (१६८५ ते १७५०) याच्या ठिकाणी उपज आणि लेखन या दोन्ही सामर्थ्यांचा संगम झालेला दिसतो. १७२२ मध्ये त्याने बारा स्वरांपैकी प्रत्येकावर आधारलेल्या मोठ्या व लहान अशा चोवीस स्वरव्यवस्थांत प्रत्येकी एक प्रील्यूड आणि एक फ्यूग लिहून संग्रह सिद्ध केला. फ्यूग म्हणजे एकच सुरावट निरनिराळ्या स्वरपंक्तींत क्रमाने प्रवेश करते आणि त्यांच्या गुंफणीतून उभी राहते अशी रचना. १७४७ मध्ये प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने दिलेल्या सुरावटीवर बाखने पोट्सडॅमच्या राजवाड्यात तेथल्या तेथे तीन स्वरपंक्तींची फ्यूग वाजवली. त्याच सुरावटीवर सहा स्वरपंक्तींची रचना मात्र त्याने लाइपझिगला परतल्यावर लिहून राजाला अर्पण केली. प्रतिभावंताच्या उपजेलाही जेथे मर्यादा पडते तेथून पुढे लेखनाचा प्रांत कसा सुरू होतो, याचे हे बोलके उदाहरण आहे. बाखचा समवयस्क हँडेल (१६८५ ते १७५९) याचा ‘मेसाया’ १७४२ मध्ये डब्लिन येथे प्रथम सादर झाला, तर व्हिव्हाल्दी (१६७८ ते १७४१) याच्या ऋतुविषयक चार कॉन्चेर्तो १७२५ मध्ये छापल्या गेल्या.

७. व्हिएन्ना : रचनाकाराचा अधिकार

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिएन्ना हे संगीताचे केंद्र बनले. सिंफनी, सोनाटा आणि चार तंतुवाद्यांची क्वार्टेट हे प्रकार या काळात स्थिरावले. दोन परस्परविरोधी स्वरकेंद्रांतून निर्माण होणारा ताण आणि त्याचे निराकरण हे त्यांच्या बांधणीचे तत्त्व होय. हायडन (१७३२ ते १८०९) हा १७६१ पासून एस्तेरहाझी या सरदार घराण्याच्या सेवेत होता. त्याने रचलेले संगीत इतर कोणास देऊ नये, अशी अट त्याच्या करारात होती. १७७९ च्या नव्या करारात ती उरली नाही आणि त्याच्या रचना प्रकाशकांमार्फत खुलेपणाने युरोपभर जाऊ लागल्या. मोत्सार्ट (१७५६ ते १७९१) याने १७८१ मध्ये साल्झबर्गच्या आर्चबिशपची नोकरी सोडून व्हिएन्नात स्वतंत्रपणे उपजीविका करण्याचा मार्ग पत्करला.

रचनाकाराच्या अधिकाराची पुढची पायरी बेटहोव्हन (१७७० ते १८२७) याच्या एका सूचनेत दिसते. कॉन्चेर्तो या प्रकारात वाद्यवृंद थांबतो आणि एकल वादक काही काळ स्वतःच्या उपजेने वाजवतो. या भागाला कॅडेन्झा म्हणतात. १८०९ मध्ये लिहिलेल्या आपल्या पाचव्या पियानो कॉन्चेर्तोत नेमक्या या जागी बेटहोव्हनने वादकाने स्वतःची कॅडेन्झा करू नये आणि लगेच पुढे जावे, असे लिहून ठेवले व त्या जागेचे स्वर स्वतःच लिहिले. मेल्त्सेल याने १८१५ मध्ये लयमापक यंत्राचे, म्हणजे मेट्रोनोमचे, एकाधिकारपत्र मिळवल्यावर १८१७ मध्ये बेटहोव्हनने आपल्या पहिल्या आठ सिंफनींच्या लयीही आकड्यांत प्रसिद्ध केल्या. वादकाच्या हाती उरलेले निर्णय एकेक करून कागदावर जात होते.

याच प्रक्रियेची दुसरी बाजू तितकीच लक्षणीय आहे. ७ मे १८२४ रोजी व्हिएन्नात नवव्या सिंफनीचे पहिले सादरीकरण झाले तेव्हा बेटहोव्हनची श्रवणशक्ती जवळजवळ संपूर्णपणे गेली होती. वाद्यवृंद, चार एकल गायक आणि समूहगान यांसाठीची ही दीर्घ रचना एका बधिर माणसाने केली. ज्या परंपरेत रचना प्रामुख्याने लेखनातून होते त्याच परंपरेत हे घडू शकते. लेखनाने वादकाचे स्वातंत्र्य आकुंचित केले, आणि त्याच लेखनाने एका माणसाला त्याच्या दैवापासून काही अंशी मुक्त केले.

८. एकोणिसावे शतक : गतकालीन कृतींचे जतन

अठराव्या शतकापर्यंत श्रोत्यांना प्रामुख्याने नवे संगीत हवे असे. एकोणिसाव्या शतकात ही स्थिती पालटली. ११ मार्च १८२९ रोजी वीस वर्षांच्या मेंडेल्सझोनने बर्लिनमध्ये बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’चे संक्षेपित सादरीकरण केले आणि दीर्घकाळ विस्मृतीत गेलेली ही कृती पुन्हा लोकांसमोर आली. १८५० मध्ये बाखच्या समग्र कृतींच्या प्रकाशनासाठी संस्था स्थापन झाली. शूबर्ट (१७९७ ते १८२८) याने १८२२ मध्ये लिहिलेली ‘अपूर्ण’ सिंफनी त्याच्या मृत्यूनंतर ३७ वर्षांनी, १८६५ मध्ये, प्रथम वाजवली गेली. कागदावर राहिलेले संगीत रचनाकाराच्या पश्चात जन्म घेऊ शकते, ही या परंपरेची विशेष शक्ती होय.

या जतनातून निवडक थोर कृतींचे एक भांडार तयार झाले आणि नव्या रचनाकाराला त्या भांडाराशी स्पर्धा करावी लागू लागली. ब्राम्स याने पहिली सिंफनी पूर्ण केली ती १८७६ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. त्याच वर्षी वाग्नरने बायरॉइट येथे खास उभारलेल्या नाट्यगृहात आपली चार ऑपेरांची मालिका सादर केली. बोहेमियात स्मेताना व द्व्होर्झाक, रशियात चायकॉव्हस्की यांनी आपापल्या प्रदेशाचे सूर सिंफनीच्या बांधणीत आणले.

मात्र जतन झाले ते ज्यांना लेखनाची साधने उपलब्ध होती त्यांचेच. शेतकऱ्यांची गाणी, गावोगाव फिरणाऱ्या वादकांचे संगीत, स्त्रियांची घरातील गाणी यांपैकी फारच थोडे आज ज्ञात आहे. बिंगेन येथील हिल्डेगार्ड (१०९८ ते ११७९) या मठाध्यक्षेच्या रचना आज गायिल्या जातात त्याचे कारण तिच्या मठाला त्या लिहून ठेवता आल्या. तिच्या समकालीन अन्य असंख्य स्त्रियांचा आवाज इतिहासात उरलेला नाही. पाश्चात्त्य संगीताचा इतिहास शिकवताना तो मूलतः लिखित संगीताचा इतिहास आहे, याची जाणीव ठेवणे अगत्याचे आहे.

९. विसावे शतक : लेखनाच्या सीमेवर

एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफचा शोध लावल्यानंतर स्वर टिकवण्याचा लेखनाव्यतिरिक्त दुसरा मार्ग उपलब्ध झाला. बार्टोक आणि कोडाय यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हंगेरीच्या खेड्यापाड्यांत हे यंत्र नेऊन लोकगीते ध्वनिमुद्रित केली. रूढ स्वरलिपीत न बसणारे स्वर आणि लयी त्यांना तेथे आढळल्या. २९ मे १९१३ रोजी पॅरिसमध्ये स्त्राव्हिन्स्कीच्या ‘वसंताचा विधी’ या नृत्यनाट्याच्या वेळी प्रेक्षागृहात गोंधळ माजला. शोनबर्गने १९२० च्या दशकाच्या आरंभी बाराही स्वरांना समान स्थान देणारी रचनापद्धती मांडून स्वरकेंद्राची कल्पनाच बाजूला सारली.

फ्रेंच रचनाकार ऑलिव्हिए मेसियां याने एका फ्रेंच संगीतकोशातून शार्ङ्गदेवाच्या १२० देशी तालांची यादी अभ्यासली होती. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातील ग्योर्लित्स येथील युद्धकैद्यांच्या छावणीत १५ जानेवारी १९४१ रोजी त्याची ‘काळाच्या अंतासाठी क्वार्टेट’ ही रचना व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट आणि पियानो यांवर सादर झाली. तिच्या पहिल्या भागातील पियानोच्या लयीत रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे ताल गुंफलेले आहेत. देवगिरीला तेराव्या शतकात नोंदलेले ताल सातशे वर्षांनी, कोणत्याही गुरुपरंपरेवाचून, केवळ अक्षरांच्या आधारे त्या छावणीत वाजले.

याउलट अमेरिकन रचनाकार जॉन केज याच्या ४ मिनिटे ३३ सेकंदांच्या कृतीत वादकाने काहीही वाजवायचे नसते. २९ ऑगस्ट १९५२ रोजी पियानोवादक डेव्हिड ट्यूडर याने ती वुडस्टॉक येथे सादर केली तेव्हा श्रोत्यांना ऐकू आले ते भोवतालचे आवाज. लेखनाला न सापडणारा ध्वनीच येथे कृतीचा आशय झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बरोक व त्यापूर्वीचे संगीत तत्कालीन वाद्यांवर वाजवू पाहणाऱ्या कलावंतांनाही कागदावर न लिहिलेले अलंकार आणि उपज नव्याने शिकावी लागली. मूळ मौखिक परंपरा खंडित झाल्यामुळे जुने शिक्षणग्रंथ चाळून त्यांना ती जुळवावी लागली.

१०. गोवा आणि महाराष्ट्र : दोन दिशांचा प्रवास

पोर्तुगीज अमलात गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचणे, समूहगायन आणि व्हायोलिन शिकवले जात असे. ग्विदोची स्वरनामे अशा रीतीने कोकणी मुलांच्या तोंडी रुळली. विसाव्या शतकात मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीला या साक्षरतेचा मोठा लाभ झाला. पेटीवर बसून चाल बांधणारा संगीतकार आणि अनेक वादकांचा वाद्यवृंद यांमधील दुवा बहुधा गोमंतकीय संयोजक असे. तो चाल ऐकून प्रत्येक वाद्यासाठी स्वतंत्र स्वरपंक्ती लिहून देई. सेबास्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्व्हिस ही त्यांतील अग्रगण्य नावे होत. गोन्साल्व्हिस यांनी १९५८ मध्ये रागांवर आधारित वाद्यवृंदरचनांचा प्रयोगही केला. मुंबईतच मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली. त्यांचे पुत्र झुबिन मेहता यांनी पुढे वाद्यवृंदसंचालक म्हणून जागतिक कीर्ती मिळवली. राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ मध्ये स्थापन झाला.

दुसरीकडे विष्णु नारायण भातखंडे (१८६० ते १९३६) आणि विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२ ते १९३१) यांनी हिंदुस्थानी संगीतासाठी स्वरलिपी सिद्ध केल्या. घराण्यांच्या बंदिस्त परिघातील चिजा सर्वांना शिकता याव्यात, ही त्यामागील तळमळ ग्विदोच्या तळमळीशी नाते सांगणारी आहे. भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकांनी शेकडो बंदिशी जतन केल्या. तथापि त्यांतील बंदिश हा गायनाचा आरंभबिंदू आहे. आलाप, तान आणि बढत यांचा निर्णय गायकाकडेच राहिला. कागदाला किती अधिकार द्यायचा, या प्रश्नाचे भारतीय कलावंतांनी दिलेले हे वेगळे उत्तर होय.

११. समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष हाती येतात. पाश्चात्त्य आणि भारतीय संगीतातील भेद हा वंशाचा अथवा स्वभावाचा अटळ परिणाम नसून विशिष्ट गरजांपोटी घेतलेल्या निर्णयांतून तो शतकानुशतके घडत गेला. स्वरलिपीने पाश्चात्त्य संगीताला अनेक स्वरपंक्तींची भव्य बांधणी, दूरवरचा प्रसार आणि मृत्यूनंतरचे आयुष्य दिले. त्याची किंमत म्हणून वादक-गायकाची उपज हळूहळू मागे पडली आणि अलिखित संगीत इतिहासाबाहेर राहिले. मौखिक परंपरेने भारतीय संगीतात उपज जिवंत ठेवली. परंतु शिष्याविना गेलेल्या गुरूबरोबर काय काय गेले, याची मोजदाद आता करता येणार नाही.

हा हिशेब महाविद्यालयीन अध्यापनात दोन्ही बाजूंनी मांडला गेला पाहिजे. ‘मेलडीप्रधान’ आणि ‘हार्मनीप्रधान’ ही विशेषणे विद्यार्थ्याला उत्तर म्हणून न देता प्रश्न म्हणून दिली, तर तो एका संगीताच्या आधारे दुसरे समजून घेऊ शकेल. आपल्या बंदिशीत लिहिले काय जाते आणि गुरूकडूनच काय घ्यावे लागते, याचा विचार करण्याची सवयही त्यातून त्याला लागेल.